हेडीबाई आणि तिच्या तोंडाचा पुतळा

दोरी हेडीबाईनंच ओढली. चादर घसरून खाली आली आणि चौकातला बँड वाजायचा थांबला. पुतळे दोन होते. एक खांद्यावर लांब दांड्याचा विळा घेतलेला बाप्या आणि त्याच्या शेजारी हातात पेटी घेतलेली पोरगी. बाप्या स्वच्छ होता. पोरीच्या तोंडावर कोणीतरी काळा रंग ओतला होता. डोळे, नाक, ओठ, काही दिसत नव्हतं. रंग ओला होता, हनुवटीवरून गळ्यावर ओघळत होता, आणि चादरीच्या आतल्या बाजूला त्याचा मोठा डाग उमटला होता. म्हणजे चादर घातल्यावर, पहाटे कधीतरी, आत हात घालून केलेलं काम होतं.

चौकात दीडएकशे माणसं असतील. ते तोंड हेडीबाईचं होतं, तिच्या सोळाव्या वर्षीच्या फोटोवरून केलेलं, आणि हे सगळ्यांना माहीत होतं. नव्वद वर्षांची हेडीबाई निळा कोट घालून, हातात दोरी धरून उभी होती. तिनं पुतळ्याकडे फार वेळ पाहिलं नाही. मागे वळून माणसांत कोणाला तरी शोधलं. तिचा मुलगा पीटर आलेला नव्हता. तो येणार नाही म्हणाला होता, आणि म्हणाल्याप्रमाणे आला नव्हता.

मी आणि माझी सून मंजिरी दुसऱ्या रांगेत बसलो होतो. नगराध्यक्ष गळ्यातली साखळी सावरत पुढे आला आणि तिच्या कानाशी काही बोलला.

"काय म्हणतोय?" मी मंजिरीला विचारलं.

"म्हणतोय, तुम्ही आता घरी जा, सोमवारी खेमेंतेची माणसं येऊन साफ करतील."

खेमेंते म्हणजे तिथली नगरपालिका. हेडीबाईनं दोरी त्याच्या हातात दिली आणि मोठ्या आवाजात एकच शब्द बोलली. तो मला मंजिरीनं सांगायची गरज पडली नाही. रोजच्या ऐकण्यातला होता. तिनं बादली मागितली होती.

बादली समोरच्या बेकरीवाल्यानं आणली. हेडीबाईनं कोट काढून, घडी करून नगराध्यक्षाच्या हातावर ठेवला, आणि बाह्या वर सारल्या. पाण्यानं रंग नुसता पसरला. मग कोणीतरी टर्पेंटाइनचा डबा आणून दिला. तोंडापर्यंत तिचा हात पुरेना, म्हणून ती चौथऱ्यावर चढू लागली. तेव्हा मात्र मी उठले. "आई, तुम्ही कुठे निघालात?" मंजिरी म्हणाली. मी म्हटलं, "ती पडली तर?" मी तिच्यापेक्षा वीस वर्षांनी लहान. नऊवारीचा ओचा खोचला आणि तिच्या कमरेला धरून उभी राहिले. तिनं स्वतःच्या सोळा वर्षांच्या तोंडावरून फडकं फिरवलं, दीड तास. माणसं हळूहळू पांगली. बँडवाल्यांनी वाद्यं पेट्यांत भरली. एवढी कॉफी केली होती, ती कोणी प्यायलं नाही.

हेडीबाई आमची शेजारीण. माझा मुलगा सुधीर हॉलंडात, कापेल नावाच्या शहरात एका ऑफिसात कॉम्प्युटरचं काम करायचा. कापेलात घरं लहान म्हणून त्यानं नदीकाठच्या त्या छोट्या गावात घर घेतलं होतं. मला व्हिसा तीन महिन्यांचा मिळायचा, तेव्हा मी दोन हजार चार आणि पाच असे दोन उन्हाळे तिथे काढले. मी चौथी शिकलेली. तिथली भाषा मला आली नाही, यायचं कारणही नव्हतं. हेडीबाई डच बोलायची, मी मराठी. मंजिरीनं खेमेंतेच्या वर्गात जाऊन भाषा शिकली होती, ती असली तर मध्ये सांगायची. नसली तर आम्ही दोघी आपापलं बोलायचो, आणि अडायचं फार कमी.

ती उंच, वाळलेली, पाठीनं सरळ. अंगावर कायम एप्रन. रस्त्यावर निघताना तो काढायची आणि परत आल्यावर कोट उतरवायच्या आत बांधायची. दारापुढची दगडी पायरी ती रोज सकाळी गुडघ्यांवर बसून ब्रशनं घासायची. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, सणबीण असेल. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. मी म्हटलं, ही बाई वेडी तरी आहे किंवा माझ्यासारखी तरी. गावाकडे मीही पहाटे उठून दारात सडा घालतेच.

आमची ओळख भांड्यांवरून झाली. मी मागच्या अंगणात बसून तांब्या घासत होते. चिंच रायस्वाइक गावातल्या भारतीय दुकानातून आणलेली, मीठ घरातलं. झुडपांच्या कुंपणावरून हेडीबाई पाहत होती. बराच वेळ पाहून ती आत गेली आणि एक पितळी मेणबत्तीचं घर घेऊन आली. दुसऱ्या हातात पॉलिशचा डबा. खुणेनं म्हणाली, अर्धं तू, अर्धं मी. म्हटलं, होऊन जाऊ दे. तिनं तिचा अर्धा भाग तिच्या पॉलिशनं घासला, मी माझा चिंचेनं. धुऊन उन्हात धरलं. तिनं दोन्ही बाजू पाहिल्या, चष्मा काढून पुन्हा पाहिल्या. मग माझ्या वाटीतली चिंच बोटावर घेऊन जिभेला लावली आणि असं तोंड केलं की मी हसून हसून खाली बसले. "हूट," ती म्हणाली. म्हणजे चांगलं. ती कोणत्याही गोष्टीला यापेक्षा जास्त काही म्हणाली नाही, दोन उन्हाळ्यांत.

तिच्या वयाकडे पाहून खेमेंतेनं तिला आठवड्यातून एकदा घरकामाला एक तुर्की बाई लावून दिली होती. ती यायची त्या दिवशी हेडीबाई पहाटे पाचला उठून सगळं घर स्वतः साफ करायची. बाई आली की तिला टेबलाशी बसवायची, कॉफी द्यायची, आणि तिचे दोन तास संपेपर्यंत तिच्याशी पोराबाळांच्या गप्पा मारायची. आधी त्या बाईला वाटलं, म्हातारीचा आपल्यावर भरवसा नाही. ती रडत मंजिरीकडे आली. मंजिरीनं हेडीबाईला विचारलं.

"मी सोळा वर्षांची होते तेव्हापासून दुसऱ्यांची घरं पुसली," हेडीबाई म्हणाली. "माझं घर दुसरी पुसतेय आणि मी बघत बसलेय, हे मला जमत नाही. आणि तिचं काम जाऊ नये, म्हणून येऊ नको असंही सांगत नाही."

मंजिरी म्हणाली, "मग ती नुसती बसू दे?"

"बसू दे. माझ्या मालकिणीनं मला कधी बसवलं नाही."

तेव्हा आम्हांला कळलं की ती मोलकरीण होती. जर्मन होती हे मात्र कळलं नाही. ते कळलं दुसऱ्या उन्हाळ्याच्या सुरुवातीला, तिला ताप आला तेव्हा. पीटर राहायला हूफडॉर्पला, रविवारी यायचा, आणि तो होता मंगळवार. डॉक्टर येऊन तिथल्या रिवाजाप्रमाणे पॅरासिटामॉल आणि भरपूर पाणी सांगून गेला. मी तिच्याजवळ बसले. दुपारी ती बडबडू लागली. ते डच नव्हतं. भाषा येत नसली तरी कानाला फरक कळतो. डच घशातून येतं, हे छातीतून येत होतं. मी मंजिरीला हाक मारली.

"आई, हे जर्मन आहे," मंजिरी म्हणाली. "हिला जर्मन कसं येतं?"

ताप उतरल्यावर आम्ही विचारलं. हेडीबाईनं आधी खिडकीकडे पाहिलं. मग तिनं विचारलं, "मी मोठ्यानं बोलले का? खिडकी उघडी होती?"

खिडकी बंद होती. ते ऐकल्यावर तिनं सांगितलं.

तिचा बाप जर्मनीत कोळशाच्या खाणीत होता. खाण बंद पडली. घरात सहा पोरं. हॉलंडात मोलकरणी हव्या आहेत असं कळलं, म्हणून सोळाव्या वर्षी पुठ्ठ्याची पेटी घेऊन ती एकटी आगगाडीत बसली. तशा हजारो जर्मन मुली त्या वेळी आल्या. या गावात एका डॉक्टरच्या घरी तिला जागा मिळाली. पाचला उठून शेगड्यांची राख काढायची, पायरी घासायची, दारावरचं पितळ चमकवायचं. आधीच्या मोलकरणीचं नाव मारी होतं. मालकिणीला नवं नाव लक्षात ठेवायचा कंटाळा, म्हणून हिलाही मारीच म्हणायचे. चार वर्षं ती मारी होती. लग्नात नवऱ्यानं तांदळात काढलेलं नाव मी त्रेपन्न वर्षं वापरते आहे. निदान मला ते विचारून नाही तरी वाजतगाजत दिलं होतं.

मग तिनं वीटभट्टीवरच्या एका डच माणसाशी लग्न केलं आणि ती पुन्हा हेडी झाली. पीटर झाला. त्याच्यामागून वर्षभरात लढाई आली आणि तिच्याच देशाचं सैन्य गावात शिरलं. पाच वर्षं होतं. शेजारणी तिला पाहून बोलायच्या थांबत. तिनं कोणाचं वाईट केलं नाही, कोणाचं फार भलंही केलं नाही. घरात बसून राहिली, असं ती स्वतः म्हणाली. लढाई संपली त्या आठवड्यात तिच्या घराच्या खिडक्या फुटल्या. सकाळी ती काचा झाडत होती. पीटर सहा वर्षांचा, अनवाणी. त्याच्याशी ती घरात जर्मनच बोलायची. ती म्हणाली, "पाय उचल." तो म्हणाला, "आई, तसं बोलू नको."

त्या दिवसापासून ती जर्मन बोलली नाही. आईला पत्रं लिहायची तेवढी जर्मनमध्ये, तीही दार लावून. आई गेल्यावर तेही संपलं. साठ वर्षं.

"नवऱ्याशी?" मंजिरीनं विचारलं.

"नवऱ्याला येतच नव्हतं. त्याचं बरं होतं."

हे सगळं सांगताना ती मटारच्या शेंगा सोलत होती. एकही दाणा खाली पडला नाही.

त्याच सुमाराला पुतळ्याचं निघालं. गावातल्या एका निवृत्त मास्तरानं जुनी दप्तरं काढून शोधलं होतं की गावातली निम्मी आडनावं मूळची जर्मन आहेत. दोन-तीनशे वर्षांपूर्वी जर्मनीतून माणसं दर उन्हाळ्यात गवत कापायला चालत यायची. वीटभट्ट्यांवर यायची. त्यातली काही इथेच राहिली. बेकरीवाला त्यांच्यातला, नगराध्यक्षही त्यांच्यातला. गावाला हे ऐकून फार आनंद झाला. समिती झाली, मूर्तिकार ठरला. गवत कापणाऱ्याचा पुतळा करायचा ठरलं. तेवढ्यात मास्तर म्हणाला, मग त्या मोलकरणी? त्याही आल्याच की. त्यांतली एक अजून आपल्या गावात जिवंत आहे.

तिथे गाडी जरा अडली. गवतकाप्या मरून दोनशे वर्षं झाली, त्याच्यावर कोणाचा राग असणार? मोलकरणी लढाईच्या वेळी इथे होत्या. पण मास्तर हट्टी निघाला. तो हेडीबाईकडे तीनदा आला. तिसऱ्या वेळी तिनं कपाटातून तो फोटो काढून त्याला दिला.

मूर्तिकारानं मातीचा नमुना केला तेव्हा तो पाहायला आम्हांलाही तिनं नेलं. शेडमध्ये ओल्या मातीचा वास होता. पोरीनं पेटी हातात धरली होती आणि मान खाली घातली होती. हेडीबाई तिच्याभोवती फिरली.

"हिनं मान का खाली घातलीय?"

मूर्तिकार मोठ्या दाढीचा, मऊ बोलणारा. तो म्हणाला, "परका देश, गरिबी, भीती. लोकांना ते दिसायला हवं."

"मला भीती नव्हती. मला आगगाडीत खिडकीची जागा मिळाली होती. मी सगळी वाट बाहेर बघत आले. मान वर कर."

त्यानं मान वर केली. आमच्या देखत, तार वाकवून. हेडीबाई "हूट" म्हणाली.

पीटरला हे आवडलं नाही. तो तेव्हा सहासष्ट वर्षांचा, निवृत्त झालेला, सभ्य माणूस. मला भेटला की वाकून नमस्कार करायचा, मंजिरीनं शिकवलेला. त्या रविवारी आम्ही कॉफीला हेडीबाईकडेच होतो. तो आला, बसला, आणि एकदम बोलायला लागला. मंजिरीचा चेहरा लाल झाला.

"काय म्हणतोय?"

"आई, नंतर सांगते."

"नंतर कशाला? मी काय त्याला सांगायला जाणारेय?"

मग तिनं खालच्या आवाजात सांगितलं. पीटर म्हणत होता, "शाळेत माझ्या बाकावर तीन वर्षं कोणी बसलं नाही. साठ वर्षं लागली लोकांना विसरायला. आता तू स्वतः चौकात उभी राहून आठवण करून देणार?"

"ते विसरले नाहीत," हेडीबाई म्हणाली. "ते बोलत नाहीत एवढंच."

"मग न बोलू देत! तेवढं पुरे आहे मला."

"मला पुरे नाही."

"तू दोरी ओढलीस तर मी येणार नाही, आई. त्या दिवशीही नाही आणि त्यानंतरही किती दिवस नाही ते सांगत नाही."

हेडीबाईनं बिस्किटांची ताटली त्याच्याकडे सरकवली. त्यानं घेतलं नाही. तो गेल्यावर ती मंजिरीला म्हणाली, "तो येईल." मला तसं वाटलं नाही. मी ते बोललेही. मंजिरीनं ते डचमध्ये सांगितलं नाही. सून शहाणी आहे.

तर शनिवारी चौकात ते रंगाचं झालं. टर्पेंटाइननं रंग गेला. पण पोरीच्या पितळी तोंडावर आणि छातीवर काळपट-हिरवट राप तसाच राहिला आणि त्यात पांढरट ओघळ दिसू लागले. मला वाटलं, रंगाचाच अंश आहे. हेडीबाईलाही तेच वाटलं. रविवारी सकाळी ती आमच्या दारात उभी. हातात बादली आणि ब्रश. माझ्याकडे पाहून तिनं अंगठा आणि बोट एकमेकांवर घासलं आणि आंबट तोंड केलं. मी चिंचेचं अख्खं पाकीट घेतलं आणि मिठाचा डबा.

माणसं देवळात निघाली होती, म्हणजे त्यांच्या चर्चमध्ये. काळ्या कपड्यांतली, पोराबाळांना घेऊन. रविवारी काम करणं त्यांच्यात बरं समजत नाहीत. आम्ही दोघी चौथऱ्यावर शिडी लावून पोरीला घासत होतो. ती खालून, मी वरून, कारण आता मी तिला चढू दिलं नाही. तीन तासांत पोरगी अशी निघाली म्हणून सांगू! देव्हाऱ्यातली अन्नपूर्णाच. पिवळीधमक. ऊन पडलं तर डोळे दिपत होते. शेजारचा गवतकाप्या तिच्यापुढे चुलीतून काढल्यासारखा दिसत होता. मी त्यालाही घ्यायच्या विचारात होते, पण चिंच संपली.

त्या रविवारी पीटर आला नाही. हेडीबाईनं संध्याकाळपर्यंत दोन कप मांडून ठेवले होते.

मंगळवारी मूर्तिकार आला. पुतळ्यापुढे उभा राहिला आणि त्यानं दोन्ही हात डोक्यावर ठेवले. मग तो आमच्याकडे आला, मास्तराला घेऊन. तो इतक्या हळू बोलत होता की मला वाटलं कोणी मेलं.

"आई," मंजिरी म्हणाली, "तो म्हणतो, तो काळपट रंग मुद्दाम केलेला होता. आगीवर, औषधं लावून. चार दिवस लागले होते."

"मुद्दाम?"

"हो."

"नवीन मूर्ती, आणि मुद्दाम काळी?"

"तशीच पद्धत आहे, आई."

"मग तसं कोणी सांगायचं नाही का?"

मंजिरीनं हे त्याला सांगितलं. हेडीबाई म्हणाली, "सत्तर वर्षं मी या गावातलं पितळ घासतेय. आजवर कोणी म्हटलं नाही की काळं ठेव." पण तिचा आवाज तेवढा खणखणीत नव्हता. तिलाही चूक कळली होती. मलाही कळली, पण मी ती त्याच्यापुढे कबूल करणार नव्हते.

खरी अडचण दुसऱ्या दिवशी समजली. नगराध्यक्षानं पत्र पाठवलं. पुतळ्याचं नुकसान झालं असल्यामुळे मोलकरणीची मूर्ती दुरुस्तीसाठी काढून नेण्यात येईल. गवतकाप्या जागेवर राहील. मोलकरीण परत कधी येईल ते लिहिलं नव्हतं. मास्तर म्हणाला, समितीतले काही जण सुटल्यासारखे दिसत होते. रंग फासल्यावर पुतळा हलवला असता तर गाव घाबरलं असं झालं असतं. आता कारण आयतं मिळालं होतं, आणि ते आम्ही दोघींनी दिलं होतं. मी दिलं होतं. चिंच माझी.

हेडीबाईनं पत्र दोनदा वाचलं. "नेला की परत येत नाही," ती म्हणाली.

मी मंजिरीला म्हटलं, "तिला विचार, रंग कोणी टाकला ते शोधून का काढत नाहीत? त्याला पकडा म्हणावं."

हेडीबाईनं मान हलवली. "मला ते कळायला नको. उद्या बेकरीत मला त्याच्याच मागे रांगेत उभं राहायचंय."

गुरुवारी सकाळी आठ वाजता ट्रक आला, मागे लहान क्रेन लावलेला. हेडीबाई त्याच्या आधी पोचली होती. स्वयंपाकघरातली खुर्ची तिनं पोरीच्या पायाशी ठेवली होती आणि ती तिच्यावर बसली होती. एप्रन घातलेला होता. रस्त्यावर एप्रनमध्ये मी तिला पहिल्यांदा पाहिलं. ट्रकवाला उतरला, तिच्याशी बोलला, टोपी काढून डोकं खाजवलं, फोन केला. नऊ वाजता नगरपालिकेचा एक माणूस आला. त्यानंही फोन केला. साडेनऊला पीटरची गाडी आली. त्यालाच बोलावलं होतं त्यांनी, आईला घेऊन जा म्हणून.

तो गाडीतून उतरला तेव्हा चौकात वीसपंचवीस माणसं जमली होती. त्यानं कोणाकडे पाहिलं नाही. तो तिच्यासमोर उभा राहिला आणि काहीतरी म्हणाला. घरी चल म्हणाला असणार, मंजिरीलाही नीट ऐकू आलं नाही.

हेडीबाईनं उत्तर दिलं. मोठ्यानं, सावकाश. ते छातीतून आलं. मला लगेच कळलं, आणि चौकातल्या सगळ्यांनाच कळलं. एका बाईनं हातातली पिशवी खाली ठेवली. पीटरचा चेहरा असा झाला की मला वाटलं तो तिच्यावर हात उगारतो की काय. तिनं बोलणं संपवलं.

पीटर वळला आणि गाडीकडे न जाता घराच्या रस्त्यानं चालू लागला. मी म्हटलं, गेला. दहा मिनिटं झाली. ट्रकवाल्यानं इंजिन सुरू केलं. मग पीटर कोपऱ्यावरून येताना दिसला. त्याच्या हातात स्वयंपाकघरातली दुसरी खुर्ची होती. ती त्यानं आईच्या खुर्चीशेजारी ठेवली, गवतकाप्या आणि पोरगी यांच्या मध्ये, आणि बसला. हात गुडघ्यांवर. बाकावर बसवलेल्या पोरासारखा.

ते दुपारी एकपर्यंत बसले. बेकरीवाल्यानं कॉफी आणली. ट्रकवाल्यानंही घेतली. मग तो रिकामा ट्रक घेऊन गेला.

ती काय बोलली ते मंजिरीनं पीटरलाच विचारलं, दोनतीन दिवसांनी. तो म्हणाला, "साठ वर्षं ऐकलं नव्हतं, पण मला प्रत्येक शब्द समजला. ती म्हणाली, तू सहा वर्षांचा होतास तेव्हा मी तुझं ऐकलं. आता तू माझं ऐक."

पुतळा हलला नाही; दुरुस्ती जागेवरच करायचं ठरलं. मूर्तिकार गॅसची ज्योत फेकणारी नळी आणि औषधांच्या बाटल्या घेऊन आला आणि त्यानं दोन दिवस तिथेच काम करून पोरीला पुन्हा काळी केली. हेडीबाई खुर्ची घेऊन समोर बसली होती. तिला ते अजिबात पटलं नाही, आणि मलाही नाही. पण त्यानं आम्हांला बोलावून दाखवलं, औषध लावलं की आगीखाली पितळ कसं तपकिरी होतं ते. कामाचा माणूस होता. शेवटी तो म्हणाला, आता मेण लावलंय, कृपा करून हात लावू नका. मी हात मागे बांधले.

सप्टेंबरात माझा व्हिसा संपला. सुधीर मला गाडीतून विमानतळावर नेत होता. चौकाच्या सिग्नलला गाडी थांबली. बेकरीची रांग दारापर्यंत आली होती. रांगेत हेडीबाई उभी, तिच्या कोपराला धरून पीटर. ती त्याला काहीतरी सांगत होती, बहुतेक कोणता पाव घ्यायचा ते, आणि जर्मनमध्ये सांगत होती. काच बंद होती तरी तिच्या हनुवटीवरून मला कळलं. तो डचमध्ये उत्तर देत असावा. पुढच्या बाईनं मान वळवून तिच्याकडे पाहिलं. हेडीबाईनं तिलाही काहीतरी सांगितलं. त्या बाईनं मान परत फिरवली, आणि रांग एक पाऊल पुढे सरकली. मी काच खाली करायला गेले, पण सिग्नल सुटला. सुधीर म्हणाला, "थांबू का?" मी म्हटलं, "विमान थांबणारेय का?"

जानेवारीत मंजिरीचा फोन आला. हेडीबाई गेली. झोपेत, पहाटे. त्या दिवशी तुर्की बाईचा वार होता. तिनंच दार उघडलं. घर आदल्या संध्याकाळीच पुसलेलं होतं.

पुरल्यानंतर पीटरनं एक जुना कागद मंजिरीला दाखवला. हेडीबाईच्या हातचा, जर्मनमध्ये. त्याच्यावर नावं होती, आणि प्रत्येकीचं पुढे काय झालं ते. तिच्याच डब्यातून त्या दिवशी या गावच्या स्टेशनवर तिच्यासकट सात मुली उतरल्या होत्या. लढाईच्या आधी जर्मन सरकारचा हुकूम आला, सगळ्या मोलकरणींनी परत या. पाच जणी परत गेल्या. त्यांच्या शहरावर बॉम्ब पडले, त्यानंतर एकीचंही पत्र आलं नाही. सहावीचं लग्न इथेच झालं होतं. लढाई संपली त्या उन्हाळ्यात तिनं कालव्यात उडी घेतली. सातवी हेडीबाई. ती जगली.